दुखरी दाढ

दवाखान्यात डॉक्टर बसायचे बंद झाल्याला अकरा वर्षं झाली होती. आता औषध यंत्र देई, आणि तेही रक्तातल्या दाहाचा आकडा वीसच्या वर गेला तरच.

मंदाकिनीचा आकडा तीनच्या पुढे कधी गेलाच नव्हता. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. तिच्याच पेशी मेंदूतल्या नसांचं आवरण कुरतडत होत्या, पण रक्तात त्याचा मागमूस नव्हता. विणायला मागावर बसली की डावा पाय आपला वाटेनासा होई. यंत्र मात्र दरवेळी म्हणे, "आपण निरोगी आहात."

म्हणून या खेपेला, आकडा चढावा यासाठी, तिने किडलेली दाढ तशीच ठेवली. नऊ दिवस पाणीसुद्धा धड गिळवत नव्हतं. नवरा, दिगंबर, हातापाया पडला, तरी तिने दाढ काढू दिली नाही.

दहाव्या दिवशी दवाखान्यात यंत्राने रक्ताचा थेंब घेतला. आकडा आला एकशे बारा. तिने दिगंबरचा हात घट्ट धरला.

"दाढेत पू आहे," यंत्र म्हणालं. "दाहावरचं औषध प्रतिकारशक्ती कमी करतं. संसर्ग असताना देता येणार नाही. आधी दाढ काढून या."

"आजच काढू," दिगंबर घाईने म्हणाला.

"आणि मग आकडा परत तीन," सुजल्या तोंडाने ती म्हणाली.

तो खाली बसून तिच्या पायात चप्पल घालू लागला.

"घाला की हो लवकर," ती म्हणाली.

चपलेचा पट्टा केव्हाच लावून झाला होता. आणि हा डावा नव्हे, उजवा पाय होता.