चौथ्या मजल्यावरचे नळ

आज न्हाणीघरातला नळ होता. काल स्वयंपाकघरातला, परवा गॅलरीतला. मिस्त्रीनं पाना लावला, नट दोन आटे आवळला आणि गळती थांबली.

"आजी, हे नळ आहेत की रुसूबाया? रोज एकीची समजूत काढायची!"

"वय झालं रे बाबा त्यांचंही," आजी म्हणाल्या. "उद्या ये. बेसिनचा काही भरवसा नाही. आणि ती स्कूटर आणू नकोस हं, खाली लावू देत नाहीत."

मिस्त्री कुरकुरत चार जिने उतरला. घरापासून इथवर पाऊण तासाची पायपीट, तेवढीच परत. दोन महिने हेच चाललं होतं. जवळपासचे प्लंबर काय गावाला गेले होते? पण म्हातारी एकटी. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. देव बघतोय, असं मनाशी म्हणत तो रोज हत्यारांची पिशवी उचलायचा.

तिथून तो तडक दवाखान्यात गेला. साखर उतरली नाही तर इंजेक्शन सुरू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रोज चाला, असंही सांगितलं होतं. तो चालला दोनच दिवस. रिकाम्या हातानं निघालेला बघून गल्लीला ऊत आला, "काय मिस्त्री, साहेब झालात! हवा खायला वाटतं?" बाप जन्मभर खड्डे खणत गेला आणि पोरानं हात हलवत फिरायचं? तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरूनच मागे वळला. डॉक्टरीणबाईंना सरळ सांगून आला, "आमच्यात कामाशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, बाई. लाज वाटते."

आज बाईंनी तपासणीचा कागद दोनदा वाचला. "उतरली की हो! इंजेक्शन नको. चालायला लागलात?"

"कुठलं चालणं! एका आजींच्या नळांनी पिच्छा पुरवलाय. एक धड केला की दुसरा सैल."

बाई खळखळून हसल्या. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"माझे वडील हमाल होते, मिस्त्री. त्यांनाही अशीच लाज वाटायची. तेव्हा मला काही सुचलं नाही, आणि ते गेले. तुमच्या तोंडून तेच ऐकलं, आणि आईकडे जाऊन तिच्या हातात पाना दिला."

रोज सकाळी उठून, म्हाताऱ्या हातांनी, त्याच्यासाठी एकेक नट सैल करणारी ती माउली मिस्त्रीला दिसत होती. त्याचे हात आपसूक जुळले.

"आजींना म्हणावं, पाना ठेवून द्या आता," तो म्हणाला. "उद्या मी नुसताच चालत येतो."