अकरा भेटी
बँकेत वारसदाराचं नाव न लावताच वच्छलाबाईंचा नवरा गेला. कोर्टातून वारसा प्रमाणपत्र मिळायला आठ महिने लागले. मग वकीलबाईंचं बिल आलं आणि त्यातली अकरा भेटींची फी पाहून पुतण्या रजत भडकला. काकूला घेऊन त्यानं थेट दारव्ह्यातलं ऑफिस गाठलं. “तीन भेटींचं काम होतं, मॅडम. बाकीच्या आठ कायच्या लावल्या?” वकीलबाई काही बोलायच्या आत वच्छलाबाईच म्हणाल्या, “मीच येत होती रे. घरी बोलाले कोणी नाही. इथं तुह्या काकाचा विषय काढला की ह्या आयकून घेत.” वकीलबाईंनी पेन उचललं. “ह्या आठ लावायलाच नको होत्या, मावशी,” म्हणत त्या भेटी खोडायला लागल्या. वच्छलाबाईंनी त्यांचा हात धरला. “राहू द्या, बाई. फुकट झालं तर परत कोणत्या तोंडानं येऊ?”