दाराबाहेरचं शेपूट

मुलांनो, रिसोडमधली एक खोली डोळ्यांसमोर आणा. तिथे चित्रकार अफ्रीन हरवलेल्या बकरीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ सहाव्यांदा रंगवत होती. आधीची पाचही मुखपृष्ठं संपादकांनी परत पाठवली होती. “चित्र सुरेख आहे, पण मुलं पुस्तक उघडणार नाहीत,” असं ते म्हणत. हेही नापसंत झालं तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. म्हणून तिने बकरीचा एकेक केस रेखाटला होता. सात वर्षांच्या भाचीने चित्र पाहून जांभई दिली. “काहून गं इफ्रा, आवडलं नाही?” “खाला, बकरी तं दिसूनच राह्यली. मंग हरवली कुठं?” अफ्रीनचं डोकंच फिरलं. मोठा ब्रश तपकिरी रंगात बुडवून तिने सगळ्या मेहनतीवर फराफरा दार रंगवलं. बकरीचं शेपूट तेवढं बाहेर राहिलं. इफ्रा सरकत पुढे आली. ओला कागद उचलून तिने बकरी शोधायला मागची बाजू पाहिली.