मृदुलेचं नाव

मृदुलेच्या पत्राला त्र्यंबकरावांनी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. मुलगा निषाद वारल्यावर या सुनेचं दुसरं लग्न त्यांनीच लावून दिलं होतं. पण घरं आपल्या नोंदीतल्या माणसांनाच दार उघडत, माणसाला एकाच घराचं सदस्य होता यायचं, आणि तिचं नाव अजून त्यांच्याच घराच्या नोंदीत होतं. तिनं लिहिलं होतं, ‘बाबा, इथलं दार मला पाहुणी म्हणतं. घरी कुणी नसलं की जिन्यात बसते.’

शेजारच्या दामलेकाकू आज ते पत्र वाचून चिडल्याच. “अण्णा, त्याची पुस्तकं कवटाळता तशी पोर कवटाळू नका हो!”

“तिचं नाव काढलं, तर निषादचं या घरात काय उरलं?”

“म्हणून तिनं जिन्यात बसायचं?”

काकू गेल्यावर त्र्यंबकराव भिंतीवरच्या, घराची नोंद दाखवणाऱ्या पडद्यापाशी गेले. तिथं ‘मृदुला: बाहेर’ अशी ओळ होती. बराच वेळ घुटमळून त्यांनी घराला ती काढायला सांगितलं.

“नाव काढण्याचं कारण?” घरानं विचारलं.

“मुलगी सासरी गेली,” ते म्हणाले.

“नोंद झाली. आता घरात आपण एकटेच.”

त्र्यंबकरावांनी पत्र लिहिलं, ‘आता तिथलं दार तुला उघडेल. दिवाळीला माहेरी ये.’ आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले.