मागच्या दारातले दोघे

“गेथिन, ती वेप खिशात घाल, नाहीतर बाहेर जा.”

गेथिनने त्या विजेवरच्या सिगारेटचा पांढरा ढग तोंडातून हळूच सोडला आणि ग्लेनिसकडे बघत राहिला. वीस वर्षं तो तिच्या पबच्या याच कोपऱ्यात बसत होता.

“हा धूर नाही गं, वाफ आहे.”

“असेल. पण इथे जेवायला येणाऱ्या लौरीची पोरगी दम्याची आहे. परवा जेवताना तिला किती खोकला आला, पाहिलंस ना? पब माझा आहे. आजपासून आत बंद.”

“आणि बाहेर कोण असतं? तुझा नवरा!” गेथिनचा आवाज चढला. “सिगारेट सुटावी म्हणून मी ही धरली. तो सिगारेट ओढताना शेजारी उभा राहिलो तर मीही पुन्हा तीच धरीन. मग माझ्या बायकोला उत्तर तू दे.”

नवऱ्याचं, आल्विनचं, ग्लेनिसला नव्याने सांगायची गरज नव्हती. सकाळी त्याचा खोकला सुरू झाला की तिची झोप मोडायची. सिगारेट सोडायच्या त्याने किती शपथा घेतल्या आणि किती मोडल्या, याची गावभर चेष्टा होती. त्यात तीही सामील असायची. वेपचं नाव काढलं की तो म्हणायचा, “मी माणूस आहे, केटली नाही.”

तरीही तिने नियम मागे घेतला नाही.

पहिले काही दिवस गेथिन पटकन बाहेर जाऊन पटकन यायचा. मग त्याला वेळ लागू लागला. टेबलावरच्या बिअरचा फेस बसून जायचा, तरी त्याचा पत्ता नसायचा.

“काय बोलता एवढं तिथे?” तिने आल्विनला विचारलं.

“रग्बी.”

“आपला संघ तर सगळे सामने हरलाय.”

“म्हणूनच बोलायला पुष्कळ आहे.”

तिचं कुतूहल काही शमेना. मागच्या दाराच्या धुरकट काचेतून दोन सावल्या तेवढ्या दिसायच्या, डोक्याला डोकं लावलेल्या. एकदा एका सावलीचा हात दुसऱ्या सावलीकडे गेला आणि काहीतरी देऊन परत आला. मग थंडीत एक दाट ढग वर चढला.

ग्लेनिसला वाटलं, झालं! पाजली शेवटी आल्विनने त्याला सिगारेट! सुटलेला माणूस आपणच ढकलून पुन्हा तिच्या तोंडी दिला.

लौरी दुपारी आली तेव्हा ग्लेनिस तिला म्हणाली, “तुमचं टेबल पुढच्या खोलीत लावलं तर चालेल? मधलं दार बंद ठेवीन.”

“चालेल की. पण का गं?”

“एक चूक निस्तरायची आहे.”

ती तडक मागच्या दाराशी गेली आणि दार उघडलं. दोघे दचकले. आल्विनने हात पाठीमागे नेला.

“गेथिन, आत ये,” ती म्हणाली. “चुकलं माझं. कोपऱ्यात बसून खुशाल ओढ तुझी वेप. पण याच्या नादी लागून सिगारेट नको रे.”

गेथिनने दोन्ही हात पुढे केले. रिकामे होते.

“वेप आहे कुठे माझ्याकडे? बिअर आत ठेवून इथे कुडकुडत ओढायची मजाच गेली. सुटली तीही.”

“मग तासन्‌तास करतोस काय इथे?”

“सोबत. सिगारेट सोडणं एकट्याने जमत नाही म्हणतो हा. ‘ग्लेनिसला सांगू नकोस’ असंही म्हणाला होता. याही वेळी फसलं तर तू हसशील म्हणून.”

ग्लेनिस नवऱ्याकडे वळली. आल्विन कानापर्यंत लाल झाला होता. त्याच्या पाठीमागून गेथिनची वेप डोकावत होती आणि तोंडातून स्ट्रॉबेरीच्या वासाचा एक ढग हळूहळू वर येत होता.

“म्हणजे ग्लेनिस,” त्याने चाचरत विचारलं, “आता मीही आत आलो तर चालेल?”