बुडाची फुली

"परत बिघडला?" दारात चप्पल काढता काढता ज्योतीरामने विचारलं.

"पेटत नाही," इंद्रायणी म्हणाली. "पंप मारला की हवा नुसती निसटते."

बाहेरच्या खोलीत जुना कागद अंथरून त्यावर पितळी स्टोव्ह ठेवलेला होता, चिंच लावून लख्ख घासलेला. शेजारी पाना, पक्कड, खोबरेल तेलाची वाटी. सगळी तयारी. हा सलग पाचवा रविवार होता.

ज्योतीराम मांडी घालून बसला. पंपाची दांडी फिरवून बाहेर काढली. टोकाचा चामडी वायसर वाळून लाकडासारखा झाला होता. त्याने तो तेलात मुरू दिला, बोटांनी दाबून त्याच्या कडा वाटीसारख्या पसरवल्या आणि परत बसवला. चार हात मारले. टाकीने हवा धरली.

पिंपरीच्या कंपनीत तो फिटर होता. हात आपोआप चालत होते, डोकं मात्र दुसरीकडेच होतं. पहिल्या रविवारी निपलमध्ये काजळी साचली होती. दुसऱ्या रविवारी पिन आतच तुटलेली निघाली. मग बर्नर गळका, मग टाकीला केसाएवढं भोक, ते डाग देऊन बुजवलं. आता वायसर. एकच स्टोव्ह इतक्या तऱ्हांनी कसा बिघडेल? कोणी मुद्दाम बिघडवल्याशिवाय?

आणि तो कोणी कोण, हेही त्याला ठाऊक होतं.

दोन महिन्यांपूर्वी एकदा तो दुपारीच घरी आला, तर चिंचवड गावठाणातला स्टोव्हवाला शफी त्याच्या उंबऱ्याशी बसलेला. पुढ्यात उघडलेला स्टोव्ह. शेजारच्या अंबूबाई कठड्याला टेकून उभ्या. आणि इंद्रायणी कशाला तरी मनापासून हसत होती. ज्योतीरामकडे पाहून ती तशी कधी हसली नव्हती.

"घरचा स्टोव्ह दुरुस्त करायला मी अजून जिवंत आहे," तो सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला होता. "या चाळीत परत दिसलास तर तंगडी मोडीन."

शफीने मुकाट्याने हत्यारं पोत्यात भरली. अंबूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण इंद्रायणीने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"बरं," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीच करा मग."

तेव्हापासून शफी चाळीत दिसला नव्हता. दिसला नव्हता, एवढंच.

"हात धुवा, वाढते," इंद्रायणी म्हणाली आणि तरटाच्या आडोशामागे गेली. आडोशापलीकडे चुलखंडाच्या बाजूला ज्योतीराम सहसा फिरकत नसे. बायकांच्या राज्यात पुरुषाचं काय काम?

ताट आलं. आमटी वाफाळत होती.

"स्टोव्ह सकाळपासून बंद, मग हे शिजलं कशावर?"

"शिजवलं कसंतरी. जेवा."

"आणि हा गूळ?"

"अंबूबाईंनी दिला."

मागच्या आठवड्यात मोशीची वांगी होती. ती म्हणे छबूबाईंनी दिली होती. शेजारणी एकाएकी कर्णाचा अवतार झाल्या होत्या. ज्योतीरामने ताट संपवलं. ती नळावर गेली तसा त्याने स्टोव्ह उलटा केला आणि बुडाला खिळ्याने फुली कोरली. चांगली खोल.

पुढच्या रविवारी स्टोव्ह पुन्हा कागदावर होता. निपल चोंदलेलं. ज्योतीरामने तो हळूच उलटा केला.

बुडाला फुली नव्हती.

फुली घासून गेली असती तर ओरखडा तरी राहिला असता. म्हणजे स्टोव्हच बदलला होता. त्याने दुरुस्त केलेला चांगला स्टोव्ह कोणी उचलून नेला होता आणि त्याच्या जागी दुसराच खटारा आणून ठेवला होता. असे स्टोव्ह ढिगाने कोणाकडे असतात?

त्याने निपल साफ केलं, स्टोव्ह पेटवून दाखवला. सोमवारी त्याने बार्शीला सासऱ्यांच्या नावाने कार्ड लिहिलं: 'येऊन आपली मुलगी घेऊन जावी. परत पाठवू नये.' कार्ड खिशात ठेवलं. डोळ्यांनी पाहिलं की टाकायचं.

बुधवारी पोटात दुखतंय सांगून तो दुपारीच कंपनीतून सुटला. दार लोटलेलं होतं. बाहेर परक्या पुरुषाच्या वहाणा होत्या.

"मालक तंगडी मोडायचं म्हणाले होते, तरी आलो," आतून शफीचा आवाज आला. "वहिनी, हे असं लपवून किती दिवस चालवणार?"

"हळू बोला शफीभाई. भिंतीलाही कान असतात."

"त्या माणसाचं नाव कळल्याशिवाय मी आज उठायचा नाही."

ज्योतीराम दाराला चिकटला. म्हणजे आणखी एक होता. खिशातल्या कार्डावर हात ठेवून त्याने दार बोटभर ढकललं.

भिंतीशी ओळीने सहा पितळी स्टोव्ह मांडलेले होते. प्रत्येकाच्या पायाला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. तरट बाजूला सारलेलं होतं, आणि पलीकडे सातवा स्टोव्ह निळ्या ज्योतीने फरफरत होता. त्यावर चहा उकळत होता.

"दोन महिने या चाळीतून एक स्टोव्ह माझ्या दुकानात आला नाही," शफी म्हणत होता. "कंदील लावून गिऱ्हाईक शोधतोय. आज अंबूबाईंचा उघडून पाहिला. वायसर काय बसवलाय. आणि बुडाला फुली, कारागिराने सही करावी तशी. असा हात चिंचवडात नाही, वहिनी. कोण आहे तो? माझ्याकडे पाठवा त्याला."

इंद्रायणीने चहा गाळून त्याच्यापुढे सरकवला.

"ते तुमच्या कामाचे नाहीत, शफीभाई. हात चांगला आहे, पण लग्नाला सहा वर्षं झाली तरी आपल्या घरचा स्टोव्ह त्यांना अजून ओळखता येत नाही."