मराठीत सांग

रत्नव्वा गेली, त्याच दिवशी मल्लिकार्जुनला कळलं की तिचा कॅन्सर मुलाला सहा महिन्यांपासून ठाऊक होता. राजारामपुरीतले डॉक्टर आणि सोमेश त्या दोघा नवरा-बायकोसमोरच इंग्रजीत बोलायचे. औषधाचंच काहीतरी चाललंय, असं समजून मल्लिकार्जुन मान डोलवत बसायचा.

"आप्पा, वुई थॉट इट बेस्ट," सोमेश म्हणाला.

"मराठीत सांग."

"म्हणजे... सगळा विचार करून, तुम्हाला न सांगणंच आम्हाला शहाणपणाचं वाटलं."

"आम्हाला म्हंजे कुणाला रं? बायको माझी, दुखणं तिचं, आन् शहाणं तुम्ही व्हय? माझ्याच तोंडासमोर लपवायला शिकीवलं तुला इंग्रजी?"

मयतीला आलेली माणसं दारातच थबकली. सोमेश खाली मान घालून पुटपुटला, "कळलं असतं, तरी काय करणार होता, आप्पा?"



"निपाणीला एसटीनं तास लागतोय. गुळाचा हंगाम सरला की माहेरी नेतो, म्हणून सहा म्हैनं थोपवलं हुतं तिला. न्यायचं राहिलं."